ऑगस्टात इटली घरी नसते

मोहियुद्दीन स्वतः कधी इटलीला गेला नव्हता. दाभोळच्या खाडीकाठचं गाव, मुंबईचा विमानतळ आणि रियाध, एवढाच त्याचा प्रवास. पण रियाधच्या अल मलाझ भागातल्या ट्रॅव्हल ऑफिसात सात वर्षं तिकिटं काढताना त्याने एक गोष्ट स्वतःहून सुरू केली होती. गिऱ्हाइकाच्या हातात तिकिटाबरोबर तो एक टिपण ठेवायचा. जिथे जायचं तिथले रीतिरिवाज, कुठे काय चालतं, काय चालत नाही, सगळं स्वतःच्या अक्षरात मराठीत किंवा हिंदीत लिहिलेलं. रियाधमधल्या मराठी मंडळींत त्या टिपणांचं चांगलं नाव झालं होतं.

देवदत्त आणि विभा सबनीस ते नाव ऐकूनच आले होते. २००८ सालचा जुलै महिना होता. देवदत्त एका बँकेत कॉम्प्युटर विभागात होता. त्यांची मुलगी अवनी अकरा वर्षांची. तिला सातव्या वर्षापासून मधुमेह होता आणि रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागे. चार वर्षांत हे कुटुंब भारताखेरीज कुठेही फिरायला गेलं नव्हतं, ते त्यामुळेच. शाळेच्या पुस्तकात इटलीतली चित्रं बघून अवनीने हट्ट धरला होता, आणि या वर्षी विभाचा नकार थोडा सैल पडला होता.

"मोहियुद्दीनभाई, खोलीत फ्रिज हवाच," विभा म्हणाली. काळा अबाया सावरत ती खुर्चीच्या टोकाशी बसली होती, उठून जायच्या तयारीत असल्यासारखी. "इन्सुलिन उन्हात टिकत नाही."

"वहिनी, मी ईमेल करून विचारलंय. प्रत्येक खोलीत छोटा फ्रिज आहे. शेवटचे चार दिवस गावात राहायचंय, तिथेही आहे. डोंगरावरचं गाव आहे, हवा थंड. घरमालकीण बाई स्वतः शेजारी राहतात."

देवदत्तने कॅलेंडर पुढे ओढलं. "मला रजा आठ ते अठरा ऑगस्ट एवढीच मिळतेय. पुढे रमजान येतोय, बँक सोडणार नाही."

"होऊन जाईल, सर," मोहियुद्दीन म्हणाला.

त्या संध्याकाळी तो टिपणाचा मजकूर पक्का करायला हम्मादकडे गेला. हम्माद त्याच्या चुलत्याचा मुलगा, वयाने पंधरा वर्षांनी मोठा. अकरा वर्षं एका इटालियन बोटीवर भटारखान्यात होता. आता शहराच्या अल सुलै भागातल्या एका गोदामात मुकादम होता आणि गोदामामागच्या खोल्यांत राहत होता. चौथीपर्यंतच शिकलेला, पण इटालियन घडाघडा बोलायचा. मोहियुद्दीनच्या टिपणातली सगळी इटली त्याच्या तोंडून उतरलेली होती. जेवणानंतर दुधाची कॉफी मागू नये, वेटर मनात हसतो. कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यावी. आगगाडीचं तिकीट पिवळ्या यंत्रात छापून मगच डब्यात चढावं. चर्चमध्ये खांदे झाकावेत, आणि प्रार्थना चालू असताना आत शिरू नये.

हम्मादने तारखा ऐकल्या आणि हातातला कांदा खाली ठेवला.

"पंधरा ऑगस्टला ती गावात असणार? नको पाठवू."

"का?"

"त्या दिवशी त्यांचा मोठा सण असतो. मरियमचा, येशूच्या आईचा. नुसती सुट्टी नाय ती, आठवडाभर सगळा देश कुलूप लावून समुद्रावर जातो. डॉक्टर नाय, दुकान नाय, बस नाय. ऑगस्टात इटली घरी नसते, एवढं लक्षात ठेव."

"एक दिवसाची तर गोष्ट. आपलाही पंधरा ऑगस्ट सुट्टीचाच असतो."

"मुलगी आजारी म्हणतोस, आणि एक दिवस म्हणतोस?"

मोहियुद्दीन चिडला. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, रजा बदलत नाही, तुला ऑफिसातलं काय कळतं, असं बरंच बोलून गेला. हम्माद एवढंच म्हणाला, "विचारायला येतोस आणि ऐकत नाहीस. मग येऊ नकोस." त्यानंतर तीन आठवडे दोघं बोलले नव्हते.

टिपणात मोहियुद्दीनने लिहिलं : १५ ऑगस्टला सार्वजनिक सुट्टी, काही दुकाने बंद राहू शकतात.

---

पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला. जुम्म्याची नमाज आटपून मोहियुद्दीन मशिदीबाहेर आला, चपला शोधल्या आणि सवयीने मोबाईल बघितला. आवाज बंद केलेला होता. नऊ मिस्ड कॉल. सगळे विभा सबनीसच्या नंबरवरून.

भिंतीच्या बोटभर सावलीत उभं राहून त्याने फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"मोहियुद्दीनभाई? कुठे होतात तुम्ही?" विभाचा आवाज पातळ झाला होता. "अवनीचं इन्सुलिन गेलं."

"गेलं म्हणजे? हरवलं?"

"गोठलं. काल रात्री मी सगळं फ्रिजमध्ये ठेवलं. मागच्या भिंतीला बर्फ होता, मला दिसलाच नाही. सकाळी बघते तर इन्सुलिनची सगळी पेनं दगडासारखी. चालू होतं ते पेनसुद्धा तिथेच होतं. देवदत्त म्हणाला, वितळवून देऊन बघू. आठ वाजता दिलं. काही उपयोग नाही. शुगर तेव्हा दोनशे ऐंशी होती, आता चारशे बारा आहे. दोनदा उलटी झाली. नुसतं पाणी पाणी करतेय."

"घरमालकीण?"

"त्या काल चावी देऊन मुलाकडे समुद्रावर गेल्या. फोन उचलत नाहीत. देवदत्त अवनीला घेऊन खोलीवर आहे, मी औषधाच्या दुकानापाशी आलेय. ते बंद आहे. सगळंच बंद आहे हो. गल्लीत एक माणूस नाही. ११२ला फोन केला, त्यांना माझं इंग्रजी कळेना, ठेवून दिला. तुम्ही बुकिंग केलंत, तुमच्याकडे आणखी कुणाचा तरी नंबर असेल ना?"

मोहियुद्दीनकडे त्या एका बाईचाच नंबर होता. हम्मादचे शब्द जसेच्या तसे आठवले, पण ते विभाला सांगायची हिंमत झाली नाही.

"वहिनी, मला वीस मिनिटं द्या. इटालियन बोलणाऱ्या माणसाकडे जातो आणि तिथून फोन करतो. तुम्ही दुकानापाशीच थांबा. बॅटरी किती आहे?"

"दोन काड्या. चार्जर चालतच नाही इथल्या प्लगमध्ये, देवदत्तचा फोन तर कालपासूनच बंद आहे."

"मग ठेवा. मीच करतो."

त्याने हम्मादला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, तेच. राग होता की शुक्रवारची झोप, कळायला मार्ग नव्हता. त्याने हात करून टॅक्सी थांबवली. चालक पेशावरचा होता.

"अल सुलै. जल्दी, भाई, बच्ची का मामला है."

"बैठो, यल्ला."

शुक्रवार असल्यामुळे रस्ते मोकळे होते. तरी प्रत्येक सिग्नलला मोहियुद्दीनचा पाय आपोआप खाली दाबला जात होता. डॅशबोर्डवरचं घड्याळ बारा पन्नास दाखवत होतं. म्हणजे तिकडे अकरा पन्नास. काल रात्री आठला शेवटचं खरं इन्सुलिन. सोळा तास. अशा मुलाला किती तास काढता येतात, हे त्याला माहीत नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं. त्याने वाटेत घरमालकिणीचा नंबर चार वेळा लावला. एक बाई रेकॉर्ड केलेलं काहीतरी गोड आवाजात बोलायची आणि फोन बंद व्हायचा.

गोदामामागच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. त्याने दोन्ही मुठींनी वाजवलं. हम्मादने लुंगी सावरत दार उघडलं, त्याला बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"ती मुलगी," मोहियुद्दीन म्हणाला. त्याला धाप लागली होती. "हम्मादभाई, ती गावात अडकलीये. इन्सुलिन खराब झालं. सगळं बंद आहे."

हम्मादच्या कपाळावरची आठी गेली. "नंबर लाव," एवढंच तो म्हणाला.

खाटेवर मोबाईल स्पीकरवर ठेवून दोघं त्याच्यावर वाकले. एसीचा आवाज फार येत होता म्हणून हम्मादने तो बंद केला. विभाने फोन उचलला.

"वहिनी, हे हम्मादभाई. दुकानाच्या दारावर काही कागद लावलाय का?"

"आहे. इटालियनमध्ये आहे."

"एकेक अक्षर वाचा."

विभा इंग्रजी अक्षरं वाचत गेली, मोहियुद्दीन ती सिगारेटच्या पाकिटावर लिहीत गेला आणि जमेल तसा उच्चार करून हम्मादला ऐकवत गेला.

"क्यूझा, म्हणजे बंद," हम्माद म्हणाला. "पुढे?"

"टी, यू, आर, एन, ओ," विभा वाचत होती.

"तुर्नो! पाळी. पाळीचं दुकान. सणाला सगळी बंद असली तरी एक उघडं ठेवतात, त्याचं नाव लिहिलेलं असतं. कुठलं गाव लिहिलंय?"

विभाने नाव वाचलं. नंतर तिच्याजवळच्या नकाशाच्या कागदाची फडफड ऐकू आली. मग फडफड थांबली.

"वहिनी?"

"अठरा किलोमीटर आहे हे. डोंगराच्या पलीकडे. आम्ही जायचं कसं? बसच्या पाटीवर आजच्या रकान्यात एकही वेळ नाही. अवनीला आता चालवतही नाही. तिच्या श्वासाला वास येतोय, सडक्या फळासारखा. मला माहितीये त्याचा अर्थ काय असतो."

मोहियुद्दीनने हम्मादकडे बघितलं. हम्माद डोळे मिटून बसला होता. क्षणभर मोहियुद्दीनला वाटलं, याच्याकडेही आता काही नाही.

"बाई," हम्मादने डोळे उघडले, "मागे घंटा वाजते ती कसली?"

मोहियुद्दीनने फोनला कान लावला. फोनमधून खरंच लांबून घंटेचा आवाज येत होता.

"चर्चची. मघापासून वाजतेय."

"मग गाव रिकामं नाय. जे समुद्रावर गेले नाहीत ते सगळे आत आहेत. आज मरियमचा सण आहे, बाई. म्हातारे, बायका, गाडीवाले, सगळे तिथेच बसलेत. तिकडे जा. आत जा."

विभा घुटमळली. "पण प्रार्थना चाललीये. यांच्या टिपणात लिहिलंय, प्रार्थना चालू असताना आत शिरायचं नाही. माझे खांदेपण उघडे आहेत, ओढणी खोलीवर राहिलीये. त्यांनी हाकलून दिलं तर? आणखी वेळ जाईल."

"वहिनी," मोहियुद्दीन जवळजवळ ओरडला, "ते टिपण फाडून टाका!"

हम्मादने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तो शांतपणे फोनशी बोलू लागला. "बाई, ते लिहिलंय ते फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी. तुम्ही फोटो काढायला जात नाय. आम्ही इथे नमाजेला उभे असू आणि कुणी बाई पोर घेऊन दारात रडत आली, तर आम्ही काय तिचे खांदे बघू? जा. आणि माझ्यामागून म्हणा. मिया फिल्या स्ता माले."

"मिया फिल्या स्ता माले."

"माझी मुलगी आजारी आहे. आता मधुमेह, इन्सुलिन शोधतेय. म्हणा, दियाबेते. चेर्को इन्सुलिना."

"दियाबेते. चेर्को इन्सुलिना."

"आणि काहीच आठवलं नाय तर एकच शब्द. आयूतो. मदत. मोठ्याने."

त्यांना विभाची धावती पावलं ऐकू येत होती, दगडी फरशीवर चपलांचा आवाज. श्वास लागलेला. चालता चालता ती तेच शब्द पुटपुटत होती, चुकत होती, पुन्हा सुरू करत होती. घंटेचा आवाज मोठा झाला आणि थांबला. मग दार करकरलं आणि एकदम पुष्कळ माणसांचं गाणं खोलीत भरलं. अल सुलैच्या त्या बारा बाय दहाच्या खोलीत, गॅसच्या शेगडीजवळ, ते गाणं फार विचित्र वाटत होतं. विभा आत गेली होती, पण बोलत नव्हती.

"बोल," तो पुटपुटला. "बोल ना, वहिनी."

"आयूतो," विभा म्हणाली. आवाज इतका लहान होता की गाण्यात बुडाला. मग ती ओरडली. "आयूतो! मिया फिल्या! दियाबेते!"

गाणं मागच्या रांगेपासून तुटत गेलं. शेवटी एकच पुरुषी आवाज उरला, पुढचा, पुजाऱ्याचा असावा. तोही थांबला. बाकं सरकल्याचा आवाज आला. एक म्हातारी बाई काहीतरी विचारत होती, अगदी जवळून. विभाने फोन तिच्याकडे दिला असावा, कारण म्हातारीचा श्वास ऐकू आला. हम्माद फोनवर ओणवा होऊन भराभर बोलू लागला. मोहियुद्दीनला त्यातला इन्सुलिना एवढाच शब्द कळला. पलीकडून बाई काहीतरी म्हणाली, एका पुरुषाचा आवाज आला, आणि फोन तुटला.

पुन्हा लावला. फोन बंद.

"बॅटरी गेली," मोहियुद्दीन म्हणाला. "काय म्हणाली ती?"

"विचारत होती, मुलगी कुठे आहे. मी सांगितलं, ज्या बाईने चावी दिली तिच्या घरात. ती म्हणाली, थांब, थांब. आणि तुटला."

"म्हणजे जातील ते?"

"मला काय माहीत, मोहियुद्दीन? मीही इथेच बसलोय."

त्यानंतरचा वेळ मोहियुद्दीनला आयुष्यात कधी विसरता आला नाही. दुपारचा एक वीस. खोलीत एसी बंद होता, तो चालू करायचंही कुणाला सुचलं नाही. हम्मादने चहाचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि गॅस पेटवलाच नाही. मोहियुद्दीन दर मिनिटाला फोन उचलून बघत होता. पाकिटावर लिहिलेली अक्षरं घामाने पसरली होती. दीड झाला. पावणेदोन झाले. त्याला आपली मुलगी आठवली. अवनीपेक्षा दोन वर्षांनी लहान, गावी आईजवळ होती.

"तू सांगितलं होतंस मला," तो शेवटी म्हणाला.

"आता नको."

"मी त्यांना सांगितलं नाय. गिऱ्हाईक जाईल म्हणून. फक्त लिहिलं, काही दुकाने बंद राहू शकतात."

हम्मादने जपमाळ काढली नाही की समजूतही घातली नाही. उठून त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, एवढंच.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नंबर अनोळखी होता, इटलीचा. मोहियुद्दीन उचलणार एवढ्यात हम्मादने फोन ओढून घेतला.

"प्रोंतो," हम्माद म्हणाला आणि ऐकत राहिला. बराच वेळ ऐकत राहिला. मधेच "सी, सी" म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग त्याने फोन मोहियुद्दीनपुढे धरला.

"घे. बाई आहेत."

"मोहियुद्दीनभाई," विभा बोलत होती. मागे कुठेतरी चाकांची खडखड आणि बोलण्याचे आवाज होते. "हॉस्पिटलमध्ये आहोत. शहरातल्या. तुमचा नंबर टिपणावर होता म्हणून कळवता आलं. चर्चमधल्या एका माणसाची व्हॅन होती, त्याने आणलं. सलाईन लावलीये, इन्सुलिन चालू केलंय. डॉक्टर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. आता ती शुद्धीत आहे. मला म्हणाली, मम्मा, डोन्ट क्राय, एव्हरीबडी इज लुकिंग."

ती हसायला गेली आणि रडली. मोहियुद्दीन भिंतीला टेकून खाली बसला.

---

सबनीस कुटुंब ठरलेल्या दिवसापेक्षा तीन दिवस उशिरा परतलं. रमजान सुरू व्हायच्या आधल्या आठवड्यात, दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजेनंतर ऑफिस उघडल्या उघडल्या देवदत्त आणि विभा आत आले. देवदत्तच्या हातात मिठाईचा डबा होता. तो टेबलावर ठेवून त्याने मोहियुद्दीनचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही नसतात तर..."

"सर, बसा," मोहियुद्दीन म्हणाला. रात्र रात्र त्याने हे वाक्य घोळवलं होतं, पण आता ते सरळ बाहेर पडेना. "मला एक सांगायचंय. मला आधीच सांगितलं होतं. हम्मादभाईंनी. त्या तारखांना पाठवू नकोस म्हणाले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

देवदत्तने हात सोडले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"माझ्या मुलीला मधुमेह आहे हे माहीत होतं, आणि हेही माहीत होतं?"

"हो, सर."

देवदत्तचा चेहरा लाल झाला. पलीकडच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाने मान वर केली. एक शब्द मालकाच्या कानावर गेला असता तर मोहियुद्दीनचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नोकरी, सगळंच गेलं असतं. ते दोघांनाही ठाऊक होतं. देवदत्त दार ढकलून गाडीकडे निघून गेला.

विभा जागची हलली नव्हती.

"मी दोन आठवडे झोपले नाही," ती हळू म्हणाली. "फ्रिज मी उघडला होता. मागे हात घालून बघायला मला काय झालं होतं? देवदत्त मला एकदाही बोलला नाही, म्हणून आणखीच त्रास होतो. तुमच्यावर मी रागावलेय. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही आज न सांगता डबा ठेवून घेतला असतात तर मला कधी कळलंही नसतं."

बाहेर देवदत्तने गाडीचा हॉर्न वाजवला, एकदाच, तोही आखूड.

विभाने पर्समधून घडी केलेला कागद काढला. "त्या व्हॅनवाल्यांचा पत्ता आहे. आणि त्या आजींचा, ज्या सण सोडून रात्रभर अवनीच्या उशाशी बसल्या. त्यांना पत्र पाठवायचंय. त्यांच्या भाषेत. हम्मादभाई सांगतील का?"

"सांगतील. इटालियन लिहायला त्यांना येत नाही. मी लिहीन."

पुढच्या शुक्रवारी अल सुलैच्या खोलीत दोघं खाली चटईवर बसले. हम्माद एकेक वाक्य सावकाश बोलत होता आणि मोहियुद्दीन कानाला येईल तसं इंग्रजी अक्षरांत उतरवत होता. शब्दकोश समोर होता, तरी एका पानाला तीन तास लागले. आभाराच्या शब्दावर हम्माद अडून बसला. नुसतं ग्रात्स्ये नको, म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला तसं म्हणत नाहीत. मग त्याने एक लांबलचक, वळणदार वाक्य सांगितलं, जे मोहियुद्दीनला चार वेळा खोडावं लागलं.

पत्र सहीसाठी त्याने सबनीसांच्या इमारतीच्या हारिसाकडे, म्हणजे रखवालदाराकडे, ठेवलं. देवदत्त पुन्हा कधी त्या ऑफिसात आला नाही, त्यांची तिकिटं पुढे दुसरीकडून निघू लागली. मालकाकडे तक्रारही गेली नाही. पाचव्या दिवशी हारिसाने पाकीट परत दिलं. पत्राखाली तीन सह्या होत्या. विभाची, अवनीची, आणि सगळ्यात खाली, पेन जोरात दाबून केलेली देवदत्तची. मोहियुद्दीनने पाकीट चिकटवलं आणि शनिवारी ऑफिसला जाता जाता पोस्टात टाकलं.